बोटफिरव्या

नौबाद, बिदर
११ जून २०२४

चि. दीपमाला,

अनेक आशीर्वाद. तुझी बदली संतपूरलाच झाली आणि तू आता आईजवळ, राजूबाईंकडे राहतेस, हे अमृतप्पाकडून कळलं. आपल्या शाळेचा शिपाई अमृतप्पा आता मन्नाएखेळ्ळीला मुलाच्या हॉटेलात बसतो आणि हायवेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा पाजून साऱ्या जिल्ह्याच्या बातम्या काढून घेतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण माझे दोन्ही कान गेले. आमच्या सौ. सुमतीबाई समोर बसून ओरडतात तेही मला ओठांवरून ओळखावं लागतं. तेव्हा उत्तर लिहूनच पाठव.

काम असं आहे. निवृत्तीपासून चौदा वर्षं मी आपल्या सीमाभागातल्या मराठीचे शब्द जमवतोय. साडेचार हजार झाले. दिवाळीत पुस्तक निघेल. पण एका जागी अडलोय. ज्याला येत नाही आणि जो येतं असं दाखवतो, त्याला आपल्याकडे नेमकं काय म्हणतात? शहाणा, दीडशहाणा, आगाऊ, पढतमूर्ख हे सगळे पाहिले. यांना निदान काहीतरी येतं. हौला म्हणावं तर तो नुसता खुळा, त्याला दाखवायचंही कळत नाही. मला हवा तो माणूस वेगळा. कोरा असतो, पण चेहरा असा करतो की समोरचा प्रश्न विचारायलाच लाजतो.

हा शब्द मला प्रस्तावनेत एका गृहस्थासाठी हवा आहे. कलबुर्गीचे विरुपाक्ष म्हणून एक विद्वान आहेत. त्यांनी माझ्या हस्तलिखितावर चार पानी अभिप्राय दिला, त्यात बावीस दोष काढले. पुडकं परत आलं तेव्हा सुतळीची गाठ मी मारली होती तशीच होती. सोडलीच नव्हती! अशा माणसाला नावानं हाक मारायची माझी फार इच्छा आहे.

तू माझी हुशार विद्यार्थिनी. गावात कान उघडे ठेव आणि कळव.

तुझा,
गुंडेराव गुरुजी


संतपूर, ता. औराद
२५ जून २०२४

गुरुजी,

पत्र मिळालं. तसला शब्द आमच्या गावात आहे. रोजच्या वापरात आहे, शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना म्हणतात. पण आईला विचारल्याशिवाय देता येत नाही, कारण तो तिचा आहे.

तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तुरीच्या डाळीतले खडे वेचत ऐकत होती. विरुपाक्ष आणि सुतळी इथवर आलो तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "कुनासाठी पायजे म्हनं? लोकाला द्याया? मंग न्हाई द्याचं."

तेव्हा सध्या एवढंच. एक विचारायचं होतं. तुम्हाला उर्दू अजून वाचता येतं का?

दीपमाला


नौबाद, बिदर
९ जुलै २०२४

दीपमाला,

पत्राच्या माथ्यावर नमस्कार नाही, शेवटी नाही. बाराखडी मी शिकवली, पत्रलेखन मी शिकवलं, दहापैकी साडेनऊ मार्क दिले. अर्धा तेव्हाच राखून ठेवला ते बरं झालं.

तुझी आणि राजूबाईंची परवानगी आता नको. शब्द मला मिळाला. परवा अमृतप्पाच्या हॉटेलात बसलो होतो. टेबलावर एकजण पेपरातला बाजारभाव वाचल्यासारखं करत होता. दुसऱ्यानं त्याला काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. मी अमृतप्पाकडून तो शब्द पाटीवर लिहून घेतला. बोटफिरव्या! काय शब्द आहे! चौदा वर्षांत असा हाती लागला नव्हता. तो म्हणाला, संतपूरकडचा आहे, आता इकडंही चालतो. कुठून आला विचारलं तर "मला न्हाई ठाव गुरुजी" म्हणून फडकं घेऊन आत गेला. शिपायाला काय कळणार!

व्युत्पत्ती मी लावली आहे. आपल्या भागात पूर्वी कुडमुडे जोशी फिरत. तळहातावर बोट फिरवून भविष्य सांगत आणि भाकरी घेऊन जात. त्यावरून हा शब्द आला. किमान दोनशे वर्षं जुना असावा, यात मला तिळमात्र शंका नाही. नोंद छापखान्यात गेली. प्रस्तावनेत विरुपाक्षांच्या नावापुढे तो असा बसलाय की उठायचा नाही.

उर्दूचं कामून विचारतेस? येतंच. माझे वडील निजामाच्या अमलात औरादच्या कचेरीत कारकून होते. घरातलं असं काही विसरत नसतं माणूस.

गुंडेराव


संतपूर
३० जुलै २०२४

गुरुजी,

दोनशे नाही, पंधरा. तुमचा शब्द २००९ सालच्या उन्हाळ्यात, आपल्या शाळेच्या व्हरांड्यात, सकाळी अकराच्या सुमारास जन्मला. मी तिथं होते. तुम्हीही होता.

आठवत नसेल तर सांगते. माझ्या आजोबांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची वाटणी झाली तेव्हा औरादला उर्दूत कागद झाला होता, फसली १३५६, म्हणजे १९४६-४७ साली. आजोबा निजामाच्या शाळेत शिकलेले. दर दसऱ्याला पत्र्याची पेटी उघडून, कागदाला हळदकुंकू लावून, तो घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. आमच्या घरची रीतच होती ती. आई सून म्हणून आली तेव्हापासून ते जाईपर्यंत तिनं तो चाळीस दसरे ऐकला.

त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि थोरल्या घरच्या धनराजनं मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं. विहीर आमचीच, तुमची पाळीबिळी काही नाही, म्हणाला. आईनं पंच बसवले आणि पेटीतला कागद काढून दिला. गावात उर्दू वाचणारे शेवटचे आजोबा आदल्याच वर्षी वारले होते. पण अडचण काय होती! गुरुजींना उर्दू येतं हे साऱ्या गावाला माहीत होतं. तुम्ही पंधरा ऑगस्टला एखादा शेर म्हणायचा, कागदावर उर्दूत सही करून दाखवायचा.

तुम्ही चष्मा पुसला. कागद हातात धरून बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलात, मान हलवलीत आणि म्हणालात, "यात विहिरीचा उल्लेख नाही. ही शेतसाऱ्याची पावती आहे."

आई खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "गुरुजी, बोट उलटं कामून चालायलंय? मामंजी तर उजवीकडून वाचायचे." सगळे हसले. सही करता न येणारी बाई गुरुजींना वाचायला शिकवायलीय म्हणून हसले. मीही हसले, गुरुजी. मला वाचायला तुम्ही शिकवलं होतं आणि आईला वाचता येत नव्हतं. मी तिचा दंड धरून तिला घरी नेलं आणि वाटेत तिला रागावले.

त्या दिवसापासून तिनं तुमचं नाव घेतलं नाही. "तो बोटफिरव्या" म्हणायची. आधी आमच्या घरात, मग गल्लीत, मग शेतात खुरपायला जाणाऱ्या बायकांत. अर्थ सगळ्यांना लागला, कुणावरून ते बहुतेकांना ठाऊक नाही. अमृतप्पाला ठाऊक आहे. व्हरांड्यात सतरंजी त्यानंच अंथरली होती.

पंधरा वर्षं आमच्या शेताला विहिरीचं पाणी नाही. पावसावर येईल तेवढी तूर आणि सोयाबीन. शिवराजदादा शेती सोडून हैदराबादला वॉचमन झाला.

दीपमाला


नौबाद
८ ऑगस्ट २०२४

दीपमाला,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि सुमतीबाईंना दाखवलं नाही, यातच मी तुझी किती गय करतोय ते समज.

कागद जीर्ण होता. शाई उडालेली होती. जे दिसलं ते मी सांगितलं. बोटाचं म्हणशील तर शेवटच्या ओळीवरची तारीख शोधताना ते कुठूनही कुठं गेलं असेल. राजूबाई काही बोलल्याचं मला आठवत नाही. मी तसं काही ऐकलं नाही. भाऊबंदकीच्या भांडणात हरलेला माणूस कुणाला तरी धरतोच, तुम्ही मला धरलंत.

आणि तू! डी.एड.चा फॉर्म मी भरून दिला. तुझ्या बापाला मी समजावलं. आज खुर्चीवर बसतेस ती कुणामुळे? त्याची ही फेड? यापुढे मला पत्र लिहू नकोस.

गुंडेराव


संतपूर
२० ऑगस्ट २०२४

गुरुजी,

लिहू नकोस म्हणालात, पण हे लिहिणं भाग आहे. खुर्ची तुमच्यामुळेच आहे. ते मी विसरले असते तर पत्र कशाला लिहीत बसले असते, सरळ चावडीवर बोलले असते.

माझ्या शाळेच्या भिंतीला लागून आता उर्दू शाळा झाली आहे, तेव्हा नव्हती. तिथल्या बाईंबरोबर मधल्या सुट्टीत डबा खाते. मागच्या महिन्यात, तुमचं "उर्दू येतंच" आल्यावर, आईची पेटी उघडून कागद त्यांच्याकडे नेला. त्यांनी हात धुतले, पुसले आणि वाचला. दोन मिनिटं लागली नाहीत. शाई उडालेली नाही. विहिरीचं पाणी जुमेरात, जुमा आणि हफ्ता, म्हणजे गुरुवार ते शनिवार, हे तीन दिवस धाकट्याचं, बाकी चार दिवस थोरल्याचं, पिढ्यान्पिढ्या. दोघा भावांच्या सह्या आणि तीन साक्षी.

आई दारात उभी होती. बाई वाचत होत्या आणि ही एक शब्द पुढं म्हणत होती. नमाजासारखं पाठ! बाईंनी कागद खाली ठेवून तिच्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहू शकले नाही.

२१ ऑक्टोबरला, सोमवारी, पंच परत बसणार आहेत. धनराज एकच म्हणतोय: "गुरुजींनी भर पंचांत वाचलंय. त्यांच्यावर ह्या उर्दू शाळेच्या बाईचं कोन ऐकतंय?" आणि पंचही तेच म्हणतात. तुमचा शब्द अजून तुमच्या बोटापेक्षा मोठा आहे.

सोबत कागदाची झेरॉक्स आहे. दोन गोष्टींपैकी एक करा. यात काय लिहिलंय ते वाचून, तुमच्या अक्षरात लिहून पाठवा. किंवा त्या दिवशी मला वाचता आलं नव्हतं, एवढं एक वाक्य लिहून पाठवा. रब्बीची पेरणी त्यावर आहे. आई चौऱ्याहत्तरची आहे. तुमच्याच वयाची.

दीपमाला


संतपूर
२५ सप्टेंबर २०२४

गुरुजी,

पाच आठवडे झाले. अमृतप्पा सांगतो की तुमची तब्येत ठणठणीत आहे आणि तुम्ही पुस्तकाची मुद्रितं तपासताय. म्हणजे वाचणं चालू आहे. 

आई रोज विचारत नाही. पोस्टमनची सायकल वाजली की नुसती दाराशी येते.

दी.


नौबाद, बिदर
१४ ऑक्टोबर २०२४

दीपमाला,

तुझी झेरॉक्स दोन महिने माझ्या टेबलावर, मुद्रितांखाली होती. परवा दसऱ्याला सुमतीबाईंनी टेबल पुसायला घेतलं आणि ती त्यांच्या हाती लागली. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, "हे काय आहे, वाचून सांगा." मी चष्मा पुसला. मग मला माझंच हसू आलं, आणि मग आलं नाही. सगळं सांगितलं. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनाही वाटत होतं की मला उर्दू येतं.

ऐक आता. वडिलांना उर्दू येत होतं. मला त्यांनी सही शिकवली आणि आठदहा अक्षरं, पुढं राहून गेलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी विचारलं, "कारकुनाचा मुलगा, उर्दू येत असेल?" मी म्हणालो, येतं. एवढंच. नंतर एकतीस वर्षं कुणी वाचायला काही दिलं नाही, त्यामुळे ते खरंच झालं. त्या दिवशी व्हरांड्यात वीसेक माणसं बसली होती. कागद हातात आला तेव्हा म्हणायला हवं होतं की येत नाही. जीभ वळली नाही. आठच ओळी होत्या. विहिरीसारख्या गोष्टीला इतक्या थोड्या ओळी पुरणार नाहीत, पावतीच असेल, असा हिशेब केला. कुणाचं काही जाईल असा विचारच त्या क्षणी मनात नव्हता, फक्त माझं जाऊ नये एवढाच होता.

आणि राजूबाई जे बोलल्या ते मी ऐकलं होतं. तेव्हा माझे कान चांगले होते.

तुझ्या पत्रांचा मला अजून राग आहे. पाच ओळींच्या पत्रानं माणसाला सोलायचं तुला कुणी शिकवलं? मी हे शिकवलं नव्हतं. माफी मागत नाही. तुम्ही देणार नाही, आणि मला मागायची सवय नाही. खाली लिहिलंय ते पंचांपुढे ठेव.

"मी, गुंडेराव, निवृत्त शिक्षक, राहणार नौबाद, लिहून देतो की मला उर्दू वाचता येत नाही, कधीही येत नव्हतं. २००९ साली संतपूरच्या पंचांपुढे राजूबाईंचा कागद मी वाचला नाही, वाचल्याचं ढोंग केलं. पावती आहे असं सांगितलं ते माझ्या मनचं होतं. माझं बोट उलटं चाललंय असं राजूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. त्या खरं बोलत होत्या."

छापखान्याला कळवलं आहे. विरुपाक्षांवरचा मजकूर काढला. त्यांनी माझं पुस्तक न वाचून कुणाची विहीर बंद केली नाही. शब्दाची नोंद ठेवली, व्युत्पत्ती बदलली: 'हा शब्द संतपूरच्या राजूबाईंनी घडवला, इ. स. २००९. कोणावरून, हे संपादकास ठाऊक आहे.'

गुंडेराव


संतपूर
२७ ऑक्टोबर २०२४

गुरुजी,

पत्र १८ तारखेला मिळालं. 'कोणावरून, हे संपादकास ठाऊक आहे' हे वाचून मी आईला म्हणाले, बघ, इथंही नाव लपवलंच. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. म्हातारं मानूस हाय, येकदम किती काढील." मी असते तर राहू दिलं नसतं.

२१ तारखेला पंच बसले. उर्दू शाळेच्या बाई आल्या, कागद वाचला. धनराज उठला आणि म्हणाला, "कोनी बी कायबी वाचंल. गुरुजी वाचले त्ये खोटं का?" मी तुमचं पत्र पिशवीतून काढलं आणि वाचायला उभी राहिले. तेवढ्यात आईनं ते माझ्या हातातून घेतलं.

तिला एक अक्षर येत नाही. तीन दिवस ती मला ते परत परत वाचायला लावत होती, मला वाटलं समाधान वाटतंय म्हणून. तिनं कागद गुडघ्यावर पसरला, पंचांना विचारलं, "ह्ये मराठी हाय. हिकडूनच ना?" आणि डाव्या कडेला बोट ठेवलं. मग एकेक ओळ, बोट डावीकडून उजवीकडं नेत, तुमचं लिहून दिलेलं सगळं म्हणाली. "मी, गुंडेराव" पासून. एक शब्द चुकला नाही. "त्या खरं बोलत होत्या" इथं आली तेव्हा बोट तिथंच ठेवून म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. म्यां कवा म्हनले बी न्हाई येतं म्हनून. पर ह्ये पंध्रा वर्सं झाली मला ठाव हाय."

कुणी हसलं नाही. धनराजनं कमरेची किल्ली काढून सतरंजीवर ठेवली.

गुरुवारी आमची पहिली पाळी झाली. हरभरा पेरायचाय. शिवराजदादाला कळवलं, येतो की नाही माहीत नाही. पंधरा वर्षं गेली ती काही पाळीनं परत येत नाहीत.

तुम्हाला माफ केलं का, असं मी आईला विचारलं. तिनं तुमचं पत्र घडी करून पत्र्याच्या पेटीत, आजोबांच्या कागदाच्या खाली ठेवलं, झाकण लावलं आणि मला म्हणाली, "पुढल्या दसऱ्यापासून दोन्ही वाचायचे."

दीपमाला